कादंबरी वाचली म्हणजे दुःश्रुती झाली का?



गेल्या चातुर्मासात सदरच्या आमच्या स्वाध्यायाला मी शास्त्राच्या पिशवीतच एक इंग्रजी कादंबरी घेऊन गेले. क्रिस्टिन हॅना यांची 'द नाइटिंगेल', सुनेनं दिलेली. शास्त्र काढताना ती खाली पडली. एका ज्येष्ठ ताईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि सर्वांसमक्ष ऐकवलं, "या वयात प्रेमकथा? ही तर दुःश्रुती!"

शास्त्राबरोबर ठेवली हा अविनय, तो मला मान्य. बाकीचं मान्य नाही. मी गप्प बसलेही असते, पण शेजारच्या नव्या सुनेनं आपलं लायब्ररीचं पुस्तक हळूच पदराखाली सरकवलं, ते मला सहन झालं नाही.

रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी पाच अनर्थदंड सांगितले आहेत, त्यांत दुःश्रुती आहे, खरं आहे. पण व्याख्या पूर्ण वाचा ना! आरंभ, परिग्रह, राग, द्वेष, मद, काम अशा गोष्टींनी चित्त मलिन करणारं ऐकणं, ती दुःश्रुती. कथेत प्रेम आलं की झाली दुःश्रुती, असं तिथं कुठंच नाही. मलिन झालं की नाही, हे ज्याच्या त्याच्या चित्ताला विचारायचं.

माझ्या चित्ताचं सांगते. दुसऱ्या महायुद्धातला फ्रान्स, दोन बहिणी. थोरली व्हियान हिच्या घरात जर्मन अधिकारी येऊन राहतो. रेशनच्या रांगा, घरात मुलगी, नवरा कैदेत. मैत्रिणीला पकडून नेल्यावर तिचं ज्यू बाळ ही आपलं म्हणून वाढवते. धाकटी इसाबेल पाडलेल्या विमानांतल्या वैमानिकांना पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये पोचवते. तिचं प्रेमही आहे, आणि मी ते आवडीनं वाचलं, लपवत नाही. हे पात्र बेल्जियमच्या आंद्रे डे योंग या खऱ्या मुलीवरून सुचलेलं. ती पकडली गेली, छळछावणीतून वाचली आणि पुढं आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करत राहिली. वरोऱ्याचं आनंदवन आपल्याला जवळ, त्याचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको. हे वाचून काय मलिन झालं माझं?

आणि बहिणींच्या कथा आपल्याकडं नाहीत का? वैशालीच्या चेतक राजाच्या सात मुली. उत्तरपुराणात वाचा. श्रेणिकाचं चित्र पाहून चेलना आणि ज्येष्ठा दोघी मोहित होतात. निघायच्या वेळी ज्येष्ठा दागिने आणायला मागे जाते, तेवढ्यात चेलना एकटीच निघून जाते. फसलेली ज्येष्ठा आर्यिका होते. मृगावती कौशांबीची राणी, आणि तिचीच धाकटी बहीण चंदना त्याच गावात एका शेठच्या घरी साखळदंडात! आणि पुढं चेलनेचाच मुलगा कुणिक आपल्या आजोबांवर चालून गेला, त्या युद्धाचं वर्णन श्वेतांबर आगमांत आहे. प्रेम, फसवणूक, लढाई, बहिणींची ताटातूट, सगळं आहे. प्रथमानुयोग म्हणून हे आपण हात जोडून ऐकतो. पुराण आणि कादंबरी एका पाटावर बसवायची नाही मला, पुराणाचं स्थान वेगळंच. पण विषयच वाईट म्हणायचा असेल, तर मग चंदनेचं काय करायचं?

ताईंनी बनारसीदासांचं उदाहरण दिलं, की त्यांनी आपलं शृंगारकाव्य गोमतीत सोडलं. सोडलं, बरोबर. पण तेच बनारसीदास 'अर्धकथानका'त (1641) हेही सांगतात, की आग्र्यात हात रिकामे असताना ते रोज संध्याकाळी 'मधुमालती' आणि 'मृगावती' या प्रेमकथा मोठ्यानं वाचायचे, दहा-वीस माणसं ऐकायला जमायची, आणि कचोरीवाल्याकडं उधारी चालायची. अर्धंच उदाहरण कसं चालेल?

राहता राहिली विकथा. स्त्रीकथा, राजकथा सगळ्यांना पाठ आहेत. भक्तकथा, म्हणजे जेवणाच्या गप्पा, ही त्याच यादीत आहे हे कुणी बोलत नाही! स्वाध्याय सुटल्यावर मंदिराच्या पायरीवर गेल्या पंगतीतली बुंदी अर्धा तास चालते, तेव्हा कुणाला प्रायश्चित्त आठवत नाही.

माझा प्रमाद एकच. शेवटची शंभर पानं रात्री एकपर्यंत वाचली आणि सकाळची सामायिक चुकली, दोनदा. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला.

पुस्तक आता त्या सुनेकडं आहे. तिनं निम्मं संपवलंय म्हणे.