घरबसल्या परदेशी पदवी कुणाच्या सोयीची?



अहमदपूरच्या पोरांच्या मोबाईलवर हल्ली जाहिरात येते: घरबसल्या परदेशी विद्यापीठाची पदवी, फी नाममात्र, वर आर्थिक मदत. घ्यावी का, असं पोरं आम्हाला विचारतात. आम्ही उलट विचारतो, सरकारी नोकरीच्या वेळी तिला समकक्षता कोण देणार? मान्यता नसताना परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन पदव्यांबद्दल डिसेंबर 2023 मध्ये यूजीसीनेच इशारा दिला आहे.

ऑनलाइन शिक्षणच वाईट, असं आम्ही म्हणत नाही. दिवसा राबून रात्री शिकणाऱ्याने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात किंवा आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसला जरूर जावं. तिथं आपल्याला फीत सवलतही आहे.

पण आमच्या पोरांनी परदेश मोबाईलवरच बघायचा का? 1913 साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 ला लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला 1920 उजाडलं.

आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा किती? अख्ख्या महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी 75! आणि केंद्राच्या योजनेतून 2022 साली भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे संशोधनविषयच वगळले. बाबासाहेबांनी 1916 ला कोलंबियात वाचलेला निबंध भारतातल्या जातींवरच होता. या नियमाने त्यांचाच अर्ज बाद झाला असता.

जागा वाढवा, विषयांवरची बंदी उठवा, ही मागणी घेऊन आम्ही समाजकल्याण कार्यालयात जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी मार्कमेमो आणि जातीचा दाखला सोबत आणावा, शिष्यवृत्तीचे अर्जही तिथंच बसून भरू.