जळले कोल्हापूरचे, चटका संकेश्वरला!

वाचकहो, संकेश्वरच्या चौकात उभे राहून एकदा चोहीकडे पाहा. उत्तरेचा हमरस्ता निपाणीवरून कोल्हापूरला जातो, दक्षिणेचा बेळगावला. पश्चिमेला फुटणारा रस्ता गडहिंग्लज, आजरा, आंबोली करीत सावंतवाडीवरून बांद्याला, म्हणजे गोमंतकाच्या उंबरठ्याला लागतो. या रस्त्यांवरून मिरची आणि गूळ जसा फिरला, तसेच गाणेही फिरले. गवई फिरले, नाटकमंडळ्या फिरल्या, आणि त्यांच्या मागे आमचे वेडे रसिकही फिरले. या सगळ्यांचे कोल्हापुरातले हक्काचे घर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेले.

संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाविषयी आम्ही बोलत आहोत. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले, तिकडची रंगमंदिरे आणि रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून आले, आणि १९१५ मध्ये कोल्हापुरात 'पॅलेस थिएटर' उभे राहिले. शेजारीच खासबागेचे कुस्तीचे मैदान. एका भिंतीपलीकडे शड्डू आणि अलीकडे षड्ज! राजा असावा तर असा. पुढे या वास्तूला केशवरावांचे नाव दिले गेले. त्यांचा जन्म ९ ऑगस्टचा, १८९० सालचा. जयंतीच्या आदल्या रात्रीच रंगमंच आणि छप्पर भस्मसात व्हावे, याला दैवदुर्विलास म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे. आम्ही एवढेच म्हणतो की वास्तू दैवावर सोडल्या की दैव आपले काम करते.

आता कुणी विचारील, कोल्हापूरच्या महापालिकेचे नाट्यगृह जळले, त्याचे संकेश्वरला काय? तुमचा जिल्हा वेगळा, १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्य वेगळे. गोमंतक तर १९६७ च्या जनमत कौलानंतर आपल्या वाटेने गेला. मग हा गळा कशासाठी काढता?

अशा शहाण्यांना आम्ही केशवरावांचेच चरित्र वाचायला सांगू. जन्म कोल्हापूरचा. कोवळ्या वयात शारदेच्या भूमिकेने गाजलेल्या या नटाने स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली ती १९०८ च्या पहिल्या दिवशी, आणि कुठे? हुबळीस! गाण्याची तालीम मिळाली ती वझेबुवांकडून, जे सावंतवाडी संस्थानातल्या ओझऱ्याचे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केले ते मुंबईस. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हा सूर्य मावळला. या एका आयुष्याचा नकाशा काढा आणि त्यावर आजच्या राज्यांची सीमारेषा ओढून दाखवा. पेन्सिल मोडेल.

आणि हे एकट्या केशवरावांचे नाही. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभे केले, त्यामागची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची. अल्लादियाखाँ शाहू दरबारी आले आणि त्यांच्या गायकीचे रोप कोल्हापुरात रुजले. गोमंतकातल्या केरीची केसरबाई लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकली आणि पुढे अल्लादियाखाँची शिष्या झाली; धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकले, मग मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या अल्लादियाखाँच्या पुत्रांकडे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा कोमकळीमठांचा मुलगा कुमार गंधर्व झाला. घरात कन्नड, रंगमंचावर मराठी, चिजेत ब्रज, आणि उस्ताद मुसलमान! या पट्ट्यात गाण्याला कुणी भाषा विचारली नाही. आम्ही मराठीचे कट्टे अभिमानी, आणि तरीही हे ठासून सांगतो; किंबहुना मराठीचा अभिमान आहे म्हणूनच सांगतो.

तेव्हा जे जळले त्यात संकेश्वरचा वाटा आहे, निपाणीचा आहे, गडहिंग्लजचा आहे, पेडण्या-डिचोलीचाही आहे. आणि ज्याचा वाटा त्याला बोलायचा अधिकार.

काय बोलायचे? शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, ठीक झाले. पण निधीने छप्पर येते, नाद येत नाही. हे नाट्यगृह बांधले तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. नटाचा नुसता गळा शेवटच्या रांगेतल्या, चार आणे मोजून आलेल्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, हा त्या बांधणीचा धर्म होता. मधे खांब नाही, की कुणाची नजर अडावी. आता तिथे गुळगुळीत फरशी, गारेगार हवा आणि कानठळ्या बसवणारे कर्णे बसवून 'अत्याधुनिक' अशी पाटी लावली, तर ती दुसरी आग समजावी. पहिलीने लाकूड नेले, दुसरी सूर नेईल.

उगाच भीती घालतो असे नका समजू. पणजीची कला अकादमी आठवा. चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या श्रेष्ठ वास्तुशिल्पकाराचे काम, मांडवीच्या काठावर, आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी दारे बंद झाली. जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचे छप्परच कोसळले! नोव्हेंबर २०२३ मध्ये दारे उघडली, आणि मग कलावंत ध्वनी-प्रकाशाच्या तक्रारी घेऊन उभे राहिले. कोट्यवधींचा खर्च आणि वर कलावंतांनीच आंदोलन करायचे, हा कुठला न्याय? तिथे चूक एवढीच झाली की ज्यांना गायचे आणि ऐकायचे होते, त्यांना शेवटी विचारले गेले. कोल्हापुरातही तेच घडू द्यायचे का?

उलट व्हेनिसकडे पाहा. तिथले 'ला फेनिचे' हे संगीतगृह २९ जानेवारी १९९६ रोजी जळले. नगरवासीयांनी एकच घोष धरला: जसे होते तसे, जिथे होते तिथे! आगीच्या थोडेच आधी त्या सभागृहाच्या नादाची शास्त्रशुद्ध मोजणी झालेली होती, ती कामी आली. जुन्या एका चित्रपटात त्याचे आतले रूप टिपलेले होते, तेही धुंडाळले. जवळपास आठ वर्षे लागली. डिसेंबर २००३ मध्ये पडदा वर गेला. उशीर झाला म्हणून त्यांना कुणी हसले नाही. आमच्याकडे मात्र उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि भिंत मागून येते.

आता थोडे आपल्याच पदरात पाहू या, वाचकहो. नाट्यगृह जळल्यावर आपण हळहळलो, पण ते उभे असताना वर्षातून किती वेळा तिकीट काढून आत गेलो? रंगमंदिरावरची पाटी कोणत्या भाषेत, यावर आपण चार दिवस भांडू. आत गवई रिकाम्या खुर्च्यांपुढे गातो, त्याचे सोयरसुतक नाही. बेळगावच्या रंगमंदिराला कुमार गंधर्वांचे नाव आहे, मंगेशकरांच्या दीनानाथांचे पणजीला आहे. नावे मोठी झाली. त्या नावांना शोभेल असे गाणे महिन्यातून एकदा तरी ऐकायला आपण जातो काय? नाट्यगृह भाषणांना आणि सत्कारांना भाड्याने देऊन चालवायचे, आणि होतकरू गायकाला भाडे परवडत नाही म्हणून दारातून परत पाठवायचे, हा व्यवहार आपण निमूट पाहत आलो.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. नव्या रंगमंचाचा नाद ध्वनिवर्धकाविना, जाणत्या गवयाला उभे करून, शेवटच्या रांगेत बसून तपासा. तो पसंत पडेपर्यंत फीत कापू नका. महिन्यातला एक दिवस गाण्यासाठी अल्प भाड्यात राखून ठेवा, आणि त्या दिवशी मराठी, कन्नड, कोकणी असा भेद करू नका. आणि प्रयोग संपल्यावर निपाणी-संकेश्वरकडे एक तरी एस.टी. सोडा, म्हणजे आमच्या माणसाला भैरवी अर्धी टाकून स्टँडकडे धावावे लागणार नाही. हे लिहून कोल्हापूर महापालिकेला पाठवा, आपल्या सहीने, गावाच्या नावासकट. पत्त्यात राज्य कोणते लिहावे लागते, त्याची लाज किंवा भीड बाळगू नका.