सही तुमची, फी त्याची

२०२३ च्या मे-जूनमध्ये कॅनडातल्या मिसिसागा शहरात, एअरपोर्ट रोडच्या कडेला, भारतीय मुलामुलींनी मांडव टाकून धरणे धरले होते. बहुतेक पंजाबमधली. शिक्षण संपलेले, नोकऱ्या लागलेल्या, पीआरसाठी म्हणजे कायम वास्तव्यासाठी अर्ज गेलेले. त्या अर्जांची छाननी करताना कॅनडाच्या सीमा यंत्रणेला आढळले, की काही वर्षांपूर्वी पहिल्या व्हिसाला जोडलेले कॉलेजचे प्रवेशपत्रच बनावट होते. मुलांच्या हाती देश सोडण्याच्या कारवाईच्या नोटिसा पडल्या. अशा मुलांचा आकडा सातशेपर्यंत सांगितला गेला.

पत्रे आली होती जालंधरच्या एका सल्लागाराकडून. प्रत्येक घरातून त्याने लाखो रुपये घेतले होते. मुले कॅनडात उतरली, की त्यांना सांगितले जाई : त्या कॉलेजात जागा उरली नाही, दुसरीकडे प्रवेश घ्या. कॉलेजच्या फीचे पैसे परतही मिळत, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. मुलांनी दुसरीकडे खरोखर प्रवेश घेतला, खरोखर अभ्यास केला, खऱ्या पदव्या मिळवल्या. आणि मूळ अर्जावर या सल्लागाराचे नाव कुठेच नव्हते. कागदोपत्री प्रत्येक अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच भरला होता.

कॅनडाच्या स्थलांतर कायद्याचे ४० वे कलम सांगते, की अर्जदाराने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे चुकीची माहिती दिली, तर त्याला पाच वर्षे त्या देशाचे दार बंद. माहिती कोणी लिहिली, पैसे कोणी घेतले, हा प्रश्न नंतरचा. सही अर्जदाराची, म्हणून गुन्हाही त्याचा. पुढे ओरड झाल्यावर तेव्हाचे स्थलांतर मंत्री शॉन फ्रेझर यांनी कार्यदल नेमले आणि जे खरोखर फसवले गेले त्यांना राहू देण्याचे जाहीर केले. पण आपण फसवले गेलो, हे सिद्ध करण्याचा भार त्या मुलांवरच पडला. सल्लागाराला मे २०२४ मध्ये व्हँकुव्हरच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. तीही तो स्वतः कॅनडात शिरू पाहत असताना सापडला म्हणून. जालंधरमध्येच बसून राहिला असता, तर कॅनडाचा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी होती.

ग्राहकहक्कांच्या या स्तंभात आपण बिल्डर, विमा कंपन्या, रुग्णालये यांच्याविषयी नेहमी बोलतो. परदेशी पाठवणाऱ्या सल्लागारांविषयी त्याहून जास्त बोलायला हवे. कारण इथे ग्राहकाचे केवळ पैसे जात नाहीत. विकणाऱ्याच्या लबाडीसाठी विकत घेणाऱ्यालाच शिक्षा होते, असा दुसरा व्यवसाय मला माहीत नाही.

कॅनडाने यावर वीस वर्षे डोके घातले आहे आणि त्या वीस वर्षांतून शिकण्यासारखे खूप आहे. सुरुवात २००१ मधली. वकील नसलेल्या माणसाने पैसे घेऊन स्थलांतराच्या प्रकरणांत प्रतिनिधित्व करावे का, या वादात ब्रिटिश कोलंबियाच्या वकील संघटनेचा दावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्राचा कायदा अशी परवानगी देतो आणि तो या बाबतीत वरचढ ठरतो, असा निकाल लागला. म्हणजे सल्लागार कायदेशीर ठरले, पण त्यांच्यावर देखरेख करणारे कोणीच नव्हते. मग २००४ पासून पहिली नियामक संस्था आली. तिच्या कारभाराविषयी, खर्चाविषयी, सदस्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी तक्रारींचा ढीग साचला. २०११ मध्ये तिला बाजूला सारून दुसरी आणली आणि विनापरवाना सल्ला देण्यावरची शिक्षा वाढवली. २०१७ मध्ये संसदेच्या समितीने दुसऱ्या संस्थेचेही वाभाडे काढले आणि व्यवसायाने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवण्याची पद्धत मोडीत काढा, सरकारी देखरेख आणा, अशी शिफारस केली. सरकारने ती पूर्ण मानली नाही. २०१९ मध्ये कायदा केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिसरी संस्था सुरू झाली : ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’. नावात कॉलेज असले तरी ही शिकवणारी संस्था नाही. आपल्याकडच्या बार कौन्सिलसारखी परवाना देणारी, तक्रार ऐकणारी आणि परवाना काढून घेणारी ही संस्था आहे.

पहिल्या दोन संस्थांत नियामक आणि नियंत्रित एकाच पंगतीला बसत होते, आणि त्या तिथेच फसल्या असे माझे मत आहे. आता संचालक मंडळातल्या नऊपैकी पाच जागा मंत्री नेमतो, त्याही व्यवसायाबाहेरच्या माणसांतून. परवान्यासाठी विद्यापीठाची पदविका आणि परीक्षा लागते. आचारसंहिता सरकारने स्वतः लिहिली आहे. विनापरवाना सल्ला देणाऱ्याविरुद्ध ही संस्था थेट न्यायालयात मनाई हुकूम मागू शकते, आणि असा धंदा करणाऱ्याला कायद्यात दोन लाख डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद आहे. प्रत्येक परवानाधारकाचे नाव, क्रमांक आणि त्याच्यावर झालेली शिस्तभंगाची कारवाई कोणालाही घरबसल्या पाहता येते. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंदवही. पैसे देण्याआधी पाच मिनिटांत खातरजमा होईल एवढी साधी सोय जर सरकारने दिली, तर अर्धी लढाई ग्राहक स्वतःच लढतो.

तरीही फसवणूक थांबलेली नाही. परवानाधारकाचा परवाना जाऊ शकतो. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याचे काय काढून घेणार? कॅनडात अशांना ‘घोस्ट कन्सल्टंट’ म्हणतात. अर्जावर त्यांचे नाव नसते, सही नसते, पावती नसते. २०१५ मध्ये व्हँकुव्हर परिसरातल्या अशाच एका विनापरवाना सल्लागाराला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याने शेकडो लोकांच्या पासपोर्टवर खोटे शिक्के मारून त्यांचे कॅनडातले वास्तव्य वाढवून दाखवले होते. त्याच्या ग्राहकांनाही पुढे देश सोडण्याच्या कारवाईला तोंड द्यावे लागले.

दुसरी अडचण सीमेची. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून सल्लागारांची नोंदणी सक्तीची आहे, पण ऑस्ट्रेलियाबाहेर बसून सल्ला देणाऱ्याला ती लागू नाही. पोलीस दलात उच्चपदी राहिलेल्या ख्रिस्टीन निक्सन यांनी २०२३ मध्ये तिथल्या सरकारला दिलेल्या अहवालात ही फट बुजवा असे सांगितले. न्यूझीलंडचा २००७ चा कायदा त्या मानाने पुढचा. तो परदेशातल्या सल्लागारालाही परवाना घ्यायला लावतो. पण त्यातही एक सवलत ठेवली आहे : देशाबाहेर राहून फक्त विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला परवाना नको. म्हणजे पुण्यात किंवा नाशिकमध्ये टेबलापलीकडे बसलेला जो माणूस तुमच्या मुलीची फाइल लावतो, तो त्या कायद्यातूनही नेमका सुटतो.

त्या देशांच्या कायद्याचा हात इथे पोहोचत नसेल, तर आपला पोहोचायला हवा. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. तो परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटांसाठी. त्यात नोंदणी आहे, बँक गॅरंटी आहे, मुंबईत ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चे कार्यालय आहे. कामगाराकडून एजंटाने ३० हजार रुपये आणि जीएसटी यांहून जास्त सेवाशुल्क घेऊ नये, असा नियमही आहे. आखाती देशांत जाणाऱ्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या कामगारासाठी हे कवच कितीही विरलेले असले तरी आहे. मात्र कायदा तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेबरोबर जो दंड आहे, त्याची कमाल मर्यादा दोन हजार रुपये. चाळीस वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहिला. आणि या कायद्याच्या व्याख्येत विद्यार्थी नाही, पीआरसाठी फाइल लावणारे कुटुंब नाही, टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहण्याचा सल्ला मिळालेला तरुण नाही. २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्याचाही भर परदेशी रोजगारावरच आहे.

पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला. ट्रॅव्हल एजंट, व्हिसा सल्लागार, अगदी आयईएलटीएसचे क्लास चालवणारेही त्यात परवान्याखाली आले. हरियाणाने २०२५ मध्ये केला. महाराष्ट्रात असा कायदा नाही. इथे पेढे विकायला अन्न परवाना लागतो; एखाद्या घराची वीस-तीस लाखांची पुंजी आणि मुलाच्या आयुष्याची पाच वर्षे हाती घ्यायला दुकानाच्या नोंदणीपलीकडे काही लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. तीन हा आकडा लहान आहे म्हणून आपण गप्प बसलो, तर तो मोठा होण्याचीच वाट पाहतो आहोत असे होईल. शिवाय राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे. जे सरकार स्वतः तरुणांना परदेशाची वाट दाखवते, त्याने त्या वाटेवर दुकाने थाटणाऱ्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे.

नुसत्या परवान्याने भागत नाही, हे पंजाबने दाखवले आहे. २०२३ चे प्रकरण त्याच राज्यातले, कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यानंतर उघडकीला आलेले. भिंतीवर परवाना टांगला, की ग्राहकाचा विश्वास उलट वाढतो. म्हणून कायदा करायचाच तर पैशाच्या वाटेवर पहारा बसवणारा करावा. सल्लागाराला पैसे कोण देते, हे ग्राहकाला आधी कळले पाहिजे. ‘आमची सेवा मोफत’ अशी पाटी लावणाऱ्याला परदेशी कॉलेजकडून कमिशन मिळते, पुष्कळदा पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्क्यांत. कमिशन घेणे गुन्हा नाही. पण ते लपवून ‘तुमच्या मुलाला हेच कॉलेज योग्य’ असे सांगणे हा विश्वासघात आहे. कमिशन लेखी सांगण्याची सक्ती हवी. फाइलवर सल्लागाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, म्हणजे पुढे कोणी ‘मी तर फक्त फॉर्म भरून दिला’ म्हणू शकणार नाही. ठेव अशी हवी, की दावा सिद्ध झाल्यावर ग्राहकाला तिच्यातून पैसे मिळतील. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने शिक्षणसंस्थांनाही त्यांच्या एजंटांसाठी जबाबदार धरले आहे. परदेशी विद्यापीठे भारतात मेळावे भरवतात, तेव्हा आपणही त्यांच्याकडे अधिकृत एजंटांची यादी मागू शकतो.

कधी कधी देखरेखीपेक्षा मूळ बाजारच बंद करणे सोपे असते. कॅनडात नोकरीच्या ऑफरला पीआरच्या गुणांकनात ५० किंवा २०० गुण मिळत. त्यासाठी लागणारी एलएमआयए म्हणजे मालकाला मिळणारी परवानगी, हजारो डॉलरना विकली जाऊ लागली. मार्च २०२५ मध्ये सरकारने ते गुणच काढून टाकले. प्रवेशपत्रांचेही तसेच. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक पत्राची कॉलेजकडून थेट खातरजमा सक्तीची झाली, आणि पुढच्या वर्षभरात तपासलेल्या सुमारे पाच लाख पत्रांतून दहा हजारांहून अधिक संशयास्पद पत्रे अडवली गेली. हीच तपासणी आधी असती, तर एअरपोर्ट रोडवर मांडव पडला नसता.

या व्यवसायात प्रामाणिक माणसे आहेत, आणि ‘तुमचे होणार नाही, पैसे वाया घालवू नका’ असे तोंडावर सांगणारे मला भेटलेले आहेत. शेजारचा शंभर टक्के व्हिसाची हमी देतो, म्हणून यांचे गिऱ्हाईक तुटते. नोंदणीचा कायदा आला, तर पहिला फायदा त्यांचा होईल.

कायदा येईपर्यंत हाती आहे ते वापरा. ‘शंभर टक्के व्हिसा’ ही जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी ठरू शकते. तिच्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. सल्लागार कुठल्याही शहरातला असो, तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. बनावट पत्राचा घोळ चार-पाच वर्षांनी उघडा पडतो, तेव्हा उशीर माफ करून घेण्यासाठी आयोगापुढे कारण मांडावे लागते, आणि त्यासाठी कागद लागतात. म्हणून रोख पैसे देऊ नका. प्रत्येक रुपयाची पावती आणि लेखी करार घ्या. अर्ज ज्या ऑनलाइन खात्यातून जातो, त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. प्रवेशपत्र आले, की कॉलेजच्या संकेतस्थळावरचा ईमेल पत्ता स्वतः शोधून तिथे विचारा. भरलेला अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तुमच्या आमदाराला एक पत्र लिहा : पंजाब आणि हरियाणाने केले ते महाराष्ट्राने का केलेले नाही, याचे उत्तर विधानसभेत मागा.