गुरुजी, हे काय करताय?

परवा रविवारी सकाळी मी आमच्या गाडीला मेण लावत होतो. तासाभरात पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, हे काय करताय?" आता मेण लावतोय हे दिसत होतं. हातात फडकं होतं, बॉनेटवर डबा होता. त्यांना विचारायचं वेगळंच होतं. पेन्शन येते, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, मग या वयात हे काम तुमच्यावर का आलं? तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलो. थोडं कडक होईल. नातेवाइकांनी सांभाळून घ्यावं, कारण त्यातले दोघे-तिघे "पोरगा ठेवा" म्हणणाऱ्यांतलेच आहेत.

आधी मेणाचं सांगतो. आमचं खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचं, सिनेमातलं नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळ मागे पडलं की खंबाटकीच्या पायथ्याला लागतं ते. हायवेची धूळ आणि घाट चढणाऱ्या ट्रकांचा धूर आमच्या वाट्याला फुकट येतो. गाडी जुनी, लाल रंगाची. शेड नसल्याने बारा वर्षं उन्हात उभी. नातू दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "आजोबा, ही लाल आहे की भगवी?" आणि पुढच्या खेपेला त्यानेच मेणाचा डबा आणून दिला.

डब्यावर 'कार्नोबा' असं नाव होतं. मास्तरकीची खोड, म्हणून शोधून वाचलं. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी मुलुखात ताडाच्या जातीचं एक झाड वाढतं. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते आपल्या पानांवर मेणाचा थर धरतं. पानं तोडून वाळवायची, झोडपायची, की मेण भुकटीसारखं झडतं. आपल्या मधमाश्यांचं मेण ६०-६५ अंशांतच पाघळतं. हे ८० अंशांच्या पुढे टिकून राहतं, म्हणून तापलेल्या पत्र्याला चालतं. दुष्काळी झाडाने पाणी धरून ठेवायला केलेली सोय आपण पावसाचं पाणी गाडीवरून घरंगळून जावं म्हणून वापरतो. गंमतच आहे!

आदल्या संध्याकाळी दोन बादल्यांत गाडी धुतली. पाइप लावला नाही. उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया पाहिल्यावर पाइपने गाडी धुवायचा धीर होत नाही. सकाळी चहा घेऊन कामाला लागलो, आणि लोक येऊ लागले.

दूधवाला हसून पुढे गेला, त्याचं काही नाही. समोरच्या घरातले गृहस्थ बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. ते फाटकातच थांबले. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या हाताला खडू शोभतो, फडकं नाही. एखादा पोरगा ठेवा की."

हा 'पोरगा' कोण असतो, मंडळी? हॉटेलात टेबल पुसणारा, गॅरेजात टायर काढणारा, कचेरीत चहा आणणारा. त्याची पन्नाशी उलटली, घरी नातवंडं खेळायला लागली, तरी आपल्या लेखी तो पोरगाच. त्याला नाव नसतं, आणि असलं तर त्याच्यापुढे 'राव' लागत नाही. ज्याचे हात मळतात त्याला आपण मोठं होऊच देत नाही.

हेच गृहस्थ रोज पहाटे सर्व्हिस रोडने हात गोल गोल फिरवत पाच किलोमीटर चालतात. डॉक्टरांनी सांगितलंय. तेच हात फडकं धरून फिरवले तर मात्र अब्रू जाते!

आमची ही चहा घेऊन बाहेर आली होती. सगळं ऐकून आत जाताना एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं मी भांडी घासली. तेव्हा कुणी फाटकात थांबून म्हणालं नाही, बाई, तुमच्या हाताला हे शोभत नाही म्हणून." मी चहा प्यायलो. उत्तर नव्हतं. तीसुद्धा शिक्षिकाच होती हे जाता जाता सांगतो.

बरं, हे सगळं साताऱ्यात! भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात. ते ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. हातात पैसा नाही म्हणून पोराचं शिक्षण अडू नये आणि शिकला म्हणून त्याच्या हातातलं खोरं सुटू नये, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी धरून ठेवल्या. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली निघालं तेच 'कमवा आणि शिका'च्या पायावर. मी तिथलाच. सकाळी वाफे खणायचे आणि मग तासाला जाऊन बसायचं. नखांतली माती तशीच असायची, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांची तशीच असल्याने लाज वाटायचं कारण नव्हतं. आज आमच्याकडे २२ सप्टेंबरला भाऊरावांच्या तसबिरीला हार घालून श्रमप्रतिष्ठेवर भाषणं होतात. समोरच्या गृहस्थांचं गेल्या वर्षीचं भाषण मी ऐकलंय. चांगलं बोलतात. भाषण संपल्यावर सतरंज्या कोणी गुंडाळल्या, तर एका पोराने.

यावर एक मुद्दा हमखास येतो. तुम्ही स्वतः केलंत तर गरिबाचा रोजगार जातो. मुद्दा खोटा नाही. पण तो रोजगार देताना दीडशे रुपयांवरून घासाघीस कोण करतं? ज्याला खरोखर त्याच्या पोटाची काळजी आहे त्याने ठरलेले पैसे मुकाट्याने द्यावेत, बसायला खुर्ची द्यावी, चहा वेगळ्या कपातून देऊ नये. त्यानंतर हा मुद्दा माझ्यापुढे मांडावा.

आता माझी फजिती. ती लपवली तर हे लिहिणं खोटं पडेल. लोकांशी हुज्जत घालण्यात अकरा वाजले. ऊन चढलं. पत्रा तापला. रागाच्या भरात मी मेणाचा थर असा जाड चोपडला, जणू भाकरीवर लोणी. बंपरच्या आणि दारांच्या काळ्या प्लास्टिकवरही फिरवलं. ते सगळं वाळून घट्ट बसलं. पुसलं तर निघेना. काळ्या पट्ट्या पांढऱ्याफटक झाल्या, आणि वर फडक्याला लाल रंग लागला! म्हटलं, संपलं. गाडीची कातडीच सोलली.

हायवेलगत एकाचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. गाडी तशीच तिकडे नेली. मालक पुढे आला, वाकून पाया पडला. माझाच विद्यार्थी, नव्वदच्या दशकातल्या बॅचचा. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सर, उन्हात लावलं ना? आणि लई जाड दिलंय."

गाडी सावलीत घेऊन पत्रा थंड होऊ दिला. मग त्याच मेणाचा अगदी पातळ हात पुन्हा फिरवला आणि ओलं आहे तोवर पुसून काढला. खालचं वाळलेलंही त्याबरोबर निघून आलं. लाल रंगाचं कारणही त्याने सांगितलं. हल्ली बहुतेक गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, माझ्या गाडीला तो नाही. डब्यातल्या मेणात थोडं पॉलिशही मिसळलेलं होतं, त्यामुळे उन्हाने मेलेला वरचा रंग फडक्यावर आला. "तेवढा यायचाच, सर. पण सारखं सारखं घासू नका. पॉलिश रंग खातं, मेण नुसतं झाकतं." इतक्या थोड्या शब्दांत मला कधी व्याकरण शिकवता आलं नाही. काळ्या पट्ट्यांचं विचारलं तर म्हणाला, "सर, घरात खोडरबर आहे का?" मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने ड्रॉवरमधून एक साधा खोडरबर काढला आणि पट्टीवर हळूहळू घासला. पांढरा डाग पेन्सिलच्या रेघेसारखा पुसला गेला.

आणि मला तो वर्ग आठवला. आठवी किंवा नववी असेल. हा शेवटच्या बाकावर बसायचा. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईशिवाय काही दिसायचं नाही. एके दिवशी सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हणालो होतो, "शिकला नाहीस तर लोकांच्या गाड्या पुसत बसशील." वर्ग हसला होता. मीही हसलो असेन.

तेव्हा समोरच्या गृहस्थांवर मी वर जे तोंडसुख घेतलं, त्यातला निम्मा वाटा माझा. त्यांना ते वाक्य शिकवलं कुणी? माझ्यासारख्याच कुठल्या तरी मास्तराने. ढोरं राखशील, हमाली करशील, गाड्या पुसशील. ज्यांचे बाप हीच कामं करून फी भरत होते, त्या पोरांना आम्ही ही वाक्यं शिक्षा म्हणून ऐकवली. १९७२ च्या दुष्काळात बी.ए. झालेला मी स्वतः दोन महिने रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. तेव्हाच्या मजुरीवर घरात जोंधळे आले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे मी एकाही वर्गात सांगितलं नाही. भाऊरावांवरचा धडा मात्र दरवर्षी रंगवून शिकवला. नायगाव तर आमच्याच तालुक्यात, दर ३ जानेवारीला पोरांची रांग घेऊन सावित्रीबाईंच्या जन्मघरी गेलो, आणि शाळेत परत आल्यावर पुन्हा तेच, गाड्या पुसशील.

त्याला विचारावं असं फार वाटलं, तुला आठवतं का रे? धीर झाला नाही. त्याच्याकडे चार माणसं कामाला आहेत. चौघांनाही तो नावाने हाक मारत होता. त्यातल्या वयस्काला 'तात्या' म्हणत होता.

पैसे घेईना. मी टेबलावर ठेवले तेव्हा खोडरबर माझ्या हातात देऊन म्हणाला, "उरलेल्या पट्ट्या घरी करा, सर. आणि पुढच्या वेळी सकाळी आठच्या आत लावा."

सोमवारपासून रोज थोडं थोडं करतोय, फाटकाजवळच, सगळ्यांना दिसेल असं बसून. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूची मागची पट्टी अजून पांढरीच आहे. खोडरबर संपला.