काचेचं दार कुठे लावायचं?

तुमसरच्या आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. घर वाढवायचं. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या दिरांनी मोबाइलवर नकाशा पाठवला आहे. सपरी, बैठक आणि माजघर यांच्यामधल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल, त्यातच उघडं किचन, आणि समोर रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत सरकती काचेची दारं. चित्र देखणं आहे. मुलं खूश आहेत. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा लावून ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अच्छा है बेटा. काँच के साथ परदों का खर्चा भी जोड़ लो."

सगळे हसले. पण अम्मींचा हिशेब बरोबर आहे. दिवसा बाहेर लख्ख उजेड असतो, म्हणून काचेतून आतलं फारसं दिसत नाही. मगरिबनंतर घरातले दिवे लागले की उलट होतं. बाहेर अंधार आणि घर दुकानाच्या शोकेससारखं उजळलेलं. मग पडदे ओढायचे. एकदा ओढलेले पडदे सकाळी कोण उघडतं? मोकळेपणासाठी लावलेली काच कायमची पडद्याआड जाते. आणि किचनही हॉलमध्येच असेल, तर बैठकीत पाहुणे असताना भाजी फोडणीला घालायची कुठे? आम्ही बायका हळूहळू मागच्या न्हाणीच्या कोपऱ्यात सरकणार.

दुसरा प्रश्न उन्हाचा. आमचं घर पश्चिममुखी आहे. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. काच ऊन आत घेते, पण आतली उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. पडदा आतून लावला तरी ऊन तोवर घरात आलेलंच असतं. ते काचेच्या बाहेरच अडवावं लागतं. आपल्या जुन्या घरांच्या पुढची सपरी नेमकं तेच काम करते. तीन खोल्यांची एक झाली की एका कूलरने भागणार नाही, हे वेगळंच. मधल्या भिंतीवर छताचा भार आहे, ती काढली तर बीम टाकावा लागेल, हे मिस्त्रीने आधीच सांगितलं आहे.

आणि ती भिंत आमच्यासाठी नुसती भिंत नाही. अब्बा गेले तेव्हा सपरीत आणि बैठकीत पुरुष होते, माजघरात बायका. अम्मींनी चार महिने दहा दिवसांची इद्दत त्याच माजघरात काढली. बैठकीत येणंजाणं चालू होतं, पण अम्मींना त्यांचा कोपरा होता. रडायला, कुराण वाचायला, नुसतं पडून राहायला. एकाच हॉलच्या घरात हे कुठे झालं असतं?

म्हणजे जुनं तेच चांगलं, असं मी म्हणतेय का? मुळीच नाही. त्या माजघराला बाहेर उघडणारी एकही खिडकी नाही. इद्दतीत अम्मी भरदुपारी दिवा लावून कुराण वाचायच्या. मी शाळेतून आल्यावर उत्तरपत्रिका स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासते, कारण घरात बायकांच्या वाट्याला आलेली तेवढीच उजेडाची जागा आहे. सगळ्यात हवेशीर, दोन खिडक्यांची खोली म्हणजे बैठक. ती आठवड्यातून दोनदा पाहुणे येतील म्हणून राखलेली. आपण याला परदा म्हणतो. मला ही सोय वाटते, आणि तीही एकाच बाजूची.

सूरह नूरमध्ये घरात शिरण्याआधी परवानगी घ्यायला सांगितलं आहे. फज्रच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विसावता तेव्हा आणि इशानंतर, या तीन वेळी तर घरातल्या लहान मुलांनीही विचारून आत यावं, असा हुकूम आहे. म्हणजे खाजगीपण घरातल्या प्रत्येकाचा हक्क आहे. त्यासाठी बाईला अंधारात बसवा, असं तिथे कुठेही सांगितलेलं नाही.

उजेड आणि आडोसा एकत्र नांदू शकतात, हे बांधणाऱ्यांनी केव्हाच दाखवलं आहे. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये विटांच्या जाळीदार भिंती बांधल्या. वारा येतो, ऊन गाळून येतं, खर्चही कमी. इजिप्तच्या हसन फतही यांनी 1940च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी, आतल्या अंगणांसह उभारलं. म्हणजे घर उघडायचंच, पण रस्त्याकडे नव्हे, अंगणाकडे.

म्हणून मी घरात माझा नकाशा मांडला आहे. सपरी आणि बैठक राहू द्या. माजघर मागच्या अंगणाकडे वाढवा आणि सरकतं काचेचं दार तिथे लावा. मागची बाजू पूर्वेची आहे. सकाळचं ऊन मिळेल, दुपारी घराचीच सावली पडेल. अंगणाला कंपाउंडची भिंत आहेच. वर चांगला दीड हाताचा छज्जा काढा, म्हणजे पावसाची झडप अडेल. सरकत्या दाराची अर्धीच बाजू उघडते, म्हणून शेजारी एक जाळीही ठेवा. बैठक आणि आतलं घर यांच्यामध्ये लाकडी सरकतं दार करा. ईदला उघडा, एरवी बंद.

दिरांनी अजून होकार दिलेला नाही. समोरून घर 'दिसणार' नाही, ही त्यांची हरकत आहे. मी त्यांना विचारलं, "भाईजान, घर रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी बांधायचं, की त्यात दिवस काढणाऱ्यांसाठी?"

तुमच्याकडे घराचं काम निघालं असेल, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी घरातल्या बायकांना एक विचारा. दुपारी तीन वाजता तुम्ही कुठे बसता? त्या जागी उजेड आहे का? नकाशा तिथून सुरू करा.