श्वास मोजायला एक मिनिट

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की झाडीपट्टीत थंडी उतरते आणि लेकरांची नाकं वाहू लागतात. चंद्रपूरच्या कॉलनीत, आरमोरीच्या बाजारात, एटापल्लीकडच्या टोल्यावर शेंबूड सारखाच असतो. त्यानंतर जे घडतं ते मात्र सारखं नसतं. कॉलनीतल्या मुलाच्या उशाशी तिसऱ्या दिवशी तीन बाटल्या उभ्या असतात, त्यातली एक अँटिबायोटिकची. टोल्यावरच्या मुलाकडे कोणी पाहतही नाही. शेंबडं पोर म्हणजे जणू गरिबाच्या अंगणाचा भागच. पहिल्याला त्या बाटल्यांची गरज नव्हती. दुसऱ्याचं पोट एका रात्री भात्यासारखं उडू लागलं, तेव्हा त्याला एका स्वस्त औषधाची गरज होती आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. ज्याला नको त्याच्या घशात ओतायचं आणि ज्याला हवं त्याला विसरायचं, हा आपला व्यवहार आहे. याला मी अज्ञान म्हणणार नाही. हा अन्याय आहे आणि तो आपण रोज करतो.

आधी पडशाबद्दल खरं काय ते सांगतो. पडसं विषाणूंमुळे होतं आणि असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. ते खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून आणि त्याहून गुपचूप हातांवरून पसरतात. नाक पुसलेला हात दाराच्या कडीला लागतो, ती कडी धरणारा हात डोळ्याला लागतो, एवढं पुरतं. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नवलाचं नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. विषाणूपुढे ते पाण्यासारखं. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणून ते सुरू करायचं नसतं, तो रंग बहुतेकदा बऱ्या होत चाललेल्या सर्दीचाच असतो. विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ, नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरच्या बाळाला आईचं दूध, वर्षाच्या वरच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून जिवावरचा आजार होऊ शकतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवू नये. भाजलेली लेकरं ही सर्दीपेक्षा मोठी दुःखं आहेत. बाकीचं काम आठवड्याभरात शरीर करतं.

एवढं साधं सत्य आम्हाला का पचत नाही? कारण आम्हाला मूल बरं व्हायला नको आहे, ते उद्याच शाळेत बसायला हवं आहे. सुई टोचली नाही तर डॉक्टरला काही येत नाही, असं आम्ही चौकात सांगतो. न टोचणाऱ्याचा दवाखाना ओस पडतो आणि टोचणाऱ्यासमोर रांग लागते. मग प्रामाणिक डॉक्टरही एक दिवस लिहायला शिकतो. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कापून देतो, कारण आम्हीच त्या मागतो, तीन खातो आणि एक पुढच्या सर्दीसाठी कपाटात ठेवतो. अशा अर्धवट वापरातून जिवाणू धीट होतात आणि उद्या ज्या लेकराला खरंच गरज असेल, त्याच्या शरीरात तेच औषध मुकं होतं. कॉलनीतल्या बाटलीचं बिल टोल्यावरचं मूल असं भरतं.

आणि बिल कधी कधी लगेच येतं. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपने वीसहून अधिक बालकांचे मूत्रपिंड निकामी होऊन जीव गेले. त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. त्यातली अनेक मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. कारखानदार गुन्हेगार, तपासणी न करणारी यंत्रणा गुन्हेगार, यात वाद नाही. पण दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळा, हे केंद्राच्या आरोग्य खात्याला त्या मृत्यूंनंतर पत्रक काढून सांगावं लागलं. हे विज्ञानाला आधीपासून माहीत होतं. ज्या खोकल्याला औषधच नको होतं, त्याच्यासाठी लेकरं गेली. सुशिक्षित म्हणवणाऱ्या आपण सगळ्यांनी त्या बाटलीचा बाजार उभा केला आहे.

आता दुसरं लेकरू पाहा. सर्दी-खोकला काही मुलांच्या छातीत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. तो ओळखायला एक्स-रे लागत नाही, हे जगाला ज्यांनी दाखवलं त्यांत आपला गडचिरोली जिल्हा पुढे आहे. 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जंगलाचा जिल्हा. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 102 गावांत अभ्यास केला. 58 गावांत आरोग्य कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. 44 गावं तुलनेसाठी ठेवली. दायांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या हातांसाठी मण्यांचं एक साधन केलं. एका मिनिटाची वाळू खाली पडेपर्यंत बाळाचे श्वास पाहायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. या गावकऱ्यांनी उपचार केलेल्या 612 रुग्ण बालकांपैकी एक टक्काही दगावली नाहीत, प्रमाण 0.8 टक्के. तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के होतं. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे 8.1, दुसरीकडे 17.5.

ज्या दाईला आम्ही अडाणी म्हणतो, तिने एक मिनिट दिलं आणि लेकरू वाचवलं. आमच्या पदव्यांनी ते मिनिट कुठे घालवलं? गर्दीच्या दवाखान्यात पोराचा सदरा वर करून छातीकडे पाहायला वेळ नाही, पण चार औषधं लिहायला आहे. घरात मोबाईलवर तासन्‌तास जातात, पण झोपलेल्या बाळाच्या पोटाकडे मिनिटभर बघणारा बाप विरळा. शाळेत पाढे पाठ होतात, पण मोठ्या बहिणीच्या कडेवर धापा टाकणारं भावंड कसं ओळखायचं, हा धडा कोणी शिकवत नाही. घरच्या नवजात बाळाची काळजी आशाताईंकडे देणारा देशव्यापी कार्यक्रम गडचिरोलीच्याच अनुभवावर उभा आहे. 2019 मध्ये केंद्राने न्यूमोनियाविरुद्ध 'साँस' मोहीम जाहीर केली. कागदावर काही कमी नाही. कमी आहे ती आमच्या लाजेची.

या टप्प्यावर बोट नेहमी आदिवासी आईकडे वळतं. पुजाऱ्याकडे नेलं, झाडपाला केला, म्हणून मूल गेलं, असं म्हणून आम्ही हात झटकतो. 2024 च्या सप्टेंबरमध्ये अहेरी तालुक्यात तापाने दगावलेल्या दोन चिमुकल्या भावांना खांद्यावर घेऊन आईबाप चिखलातून कित्येक किलोमीटर पायी गेले. तेही आधी पुजाऱ्याकडेच गेले होते, हे आम्ही मोठ्याने सांगितलं. पण पुजारी पायवाटेच्या टोकाला होता आणि डॉक्टर नाल्याच्या पलीकडे होता, हे सांगताना आमचा आवाज का पडला? पावसाळ्यात वाट तुटलेल्या गावात पुजारी हाच एक माणूस रात्री दार उघडतो. अंधश्रद्धेशी मला लढायचंच आहे. तापलेल्या लेकराला मंत्र पुरत नाही, हे त्या आईला सांगायलाच हवं. पण सांगणाऱ्याच्या हातात औषध हवं आणि पायाखाली रस्ता हवा. रिकाम्या हाताने केलेलं प्रबोधन म्हणजे गरिबाचा अपमान.

शिवाय त्या लेकराची छाती आधीच कोणी पोखरली? चुलीच्या धुराने भरलेल्या बंद खोलीत आई स्वयंपाक करते आणि बाळ तिच्या मांडीवर असतं. जगभरात न्यूमोनियाने मरणाऱ्या बालकांतले जवळपास निम्मे मृत्यू घरातल्या धुराशी जोडलेले आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उज्ज्वलाचा सिलिंडर आला, तो पुन्हा भरायला पैसे नाहीत, म्हणून कोपऱ्यात उभा आहे. चंद्रपुरात कोळशाची धूळ आणि वीज केंद्राची राख. 2009 साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत या शहराचं नाव वरच्या क्रमांकांत आलं. त्या विजेवर दूरची शहरं उजळतात आणि इथलं पोर खोकत झोपतं. त्याला 'हवामान बदललं' म्हणायचं?

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक घराने तीन आकडे पाठ करावेत. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा झटके येत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. श्वास संथ असेल, मूल खेळत-पीत असेल, तर बाटली उघडू नये. हात साबणाने धुवावेत, शिंकताना कोपर तोंडाशी धरावं, पडसं झालेल्याने तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. न्यूमोकॉकल लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या तिन्ही वेळा चुकवू नयेत.

ग्रामसभेने विचारावं, आशाताईच्या पिशवीत ॲमॉक्सिसिलिन आहे का, आणि नसेल तर त्याच बैठकीत ठराव करावा. पावसाळ्याआधी नाल्यावरच्या पुलाचा हिशेब मागावा. डॉक्टरांनी 'औषध लागत नाही' हे वाक्य फी घेऊन सांगावं, आणि आपण ती फी आनंदाने द्यावी, कारण त्या वाक्यामागे त्यांनी मिनिटभर मोजलेला श्वास असेल.

पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी याच जंगलात एका निरक्षर दाईने वाळू खाली पडेपर्यंत नजर हलवली नाही. आज रात्री तुमच्या घरात, तुमच्या मोलकरणीच्या घरात, तुमच्या शेतावरच्या मजुराच्या झोपडीत एखादं लेकरू खोकत असेल. त्याच्या छातीवरचं पांघरूण बाजूला करा आणि मोजा.