पावसात उभी पिंपे आणि आपली जबाबदारी

पावसाळा जवळ आला की मिरकरवाड्यात नौका शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी धुऊन-वाळवून आत जातात. दुकानामागची ऑईलची पिंपे मात्र उघड्यावर उभीच राहतात. पिंप लोखंडी, बूच घट्ट, मग पाणी जाणार कुठून, अशी आपल्या व्यापारी बांधवांची समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत भलताच माणूस मोजतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उभ्या पिंपाच्या माथ्याला कडा असते. तिच्या आत पाणी साचते व बूच त्यात बुडते. ऊन पडले की आतली हवा फुगते, थोडी आट्यांतून बाहेर पडते. मग जोराची सर येते, पिंप गार होते आणि त्याच वाटेने साचलेले पाणी आत ओढले जाते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात हे किती वेळा घडत असेल! पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते. त्यामुळे निम्मे पिंप विकले जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

कंपन्या साध्या खनिज तेलाला बहुधा तीन ते पाच वर्षांची मुदत देतात, पण ती बंद पिंपाला आणि छपराखाली. पाण्यात मिसळायच्या कटिंग ऑईलची मुदत बरीच कमी असते, हे मिरजोळ्याच्या कारखानदारांनीही लक्षात ठेवावे.

उपाय खर्चाचा नाही. छप्पर नसेल तर पिंप दोन वाशांवर आडवे ठेवावे. दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन व नवाच्या जागी आली की ती आतून तेलाखाली राहतात व हवा-पाणी ओढले जात नाही. माल आल्याची तारीख रंगाने लिहावी व जुना माल आधी काढावा. नवे पिंप पुढे लागते आणि मागचे वर्षानुवर्षे पडून राहते, हे आम्ही अनेक दुकानांत पाहिले आहे.

दुधी झालेले तेल फेकणे जिवावर येते, हे आम्हालाही कळते. मग ते "किरकोळ कामाला चालेल" म्हणून स्वस्तात जाते, बहुधा लहान नौकावाल्याकडे. आमच्या माहितीतल्या एका नौकेचे इंजिन ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रात बसले. दुसऱ्या नौकेने तिला ओढून आणले. दोष मिस्त्रीच्या माथी गेला, त्याची मजुरी बुडाली. तेल कुठल्या पिंपातले, हे कोणी विचारले नाही.

शंका असेल तर तळातले तेल काढून एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकावा. तडतडला तर पाणी आहे. ते पिंप बाजूला काढून त्यावर खूण करावी व जुने तेल घेणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवावे. ज्यांना त्यातले आधीच विकले, त्यांना इंजिन सुरू करण्यापूर्वी निरोप द्यावा.